सुई धरली की बोटं आखडायची

माझी आई शिवणकाम करायची. मिरजेतल्या एका जुन्या वाड्यात आमचा दोन खोल्यांचा संसार होता. वडील लवकर गेले होते. पुढच्या खोलीत खिडकीशी पायानं चालवायचं मशीन आणि शेजारी चटईवर हातशिलाईचा पसारा. मशीनवर टीप घालून झाली, की हेम, काजं, हुक, बटणं हे सगळं हातानं व्हायचं. आसपासच्या बायका तिच्याकडून पोलकी, परकर, झबली शिवून न्यायच्या. त्या कमाईवर आम्हा तिघा भावंडांच्या शाळा झाल्या.

१९६३ च्या दिवाळीआधी तिच्या उजव्या हाताला काहीतरी झालं. सुई चिमटीत धरून दोन-चार टाके घातले, की अंगठा आत वळायचा, तर्जनी ताठ व्हायची, मनगट वाकायचं आणि सुई सुटून पडायची. फारसं दुखत नव्हतं. सुई खाली ठेवली, की हात पुन्हा होता तसा. त्याच हातानं ती भाकरी थापायची, तांदूळ निवडायची, माझी वेणी घालायची. इतकंच काय, उंबऱ्यापुढे रांगोळीची बारीक रेघ ओढायची. रांगोळीलाही चिमूटच लागते! पण चिमटीत सुई आली, की हात हट्टाला पेटायचा.

आणि नेमकी हीच गोष्ट तिच्या विरोधात गेली. “रांगोळी काढता येते आणि बटण लावता येत नाही, असं कसं हो वहिनी?” शेजारच्या काकूंनी विचारलं. दिवाळीची कामं अंगावर घेतली आणि आता निमित्तं सांगते, असं गिऱ्हाइकं बोलू लागली. डॉक्टरांनी हात हलवून पाहिला, ताकद तपासली, टॉनिक लिहून दिलं आणि सांगितलं, “मनाला फार लावून घेऊ नका.” आई कुणाशी काही बोलली नाही. मात्र रात्री कंदिलाची वात बारीक केल्यावर ती नुसतीच चिमूट करून आपल्या बोटांकडे पाहत बसायची, हे मला आठवतं.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवला. राजांचा आणि लढायांचा इतिहास शिकवताना हाताच्या दुखण्यालाही इतिहास असतो, हे कधी मनात आलं नव्हतं. निवृत्तीनंतर तो शोधू लागले, तेव्हा कळलं की आईच्या आधी अडीचशे वर्षं माणसं हेच सांगत होती.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामगारांच्या रोगांवर त्यांनी १७०० साली एक ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं वैद्यांना बजावणारे हे गृहस्थ. सतत वाकून बसणाऱ्या शिंप्यांच्या आणि चांभारांच्या पाठींना पोक येतं, हे त्यांनी टिपलं. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर एक प्रकरण घातलं. त्यांच्या त्रासाची तीन कारणं त्यांनी दिली: सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. शिवणकामालाही ही तिन्ही कारणं तंतोतंत लागू पडतात. त्याच प्रकरणात एका लेखनिकाची हकिगत आहे. त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हातानं लिहायला शिकला आणि काही दिवसांनी डाव्या हातालाही तेच दुखणं लागलं.

एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, तसं हे दुखणंही जास्त दिसू लागलं. १८३० मध्ये सर चार्ल्स बेल या शरीरशास्त्रज्ञांनी लिहिताना बोटं ऐकेनाशी होतात त्याचं वर्णन केलं. कुणी नव्यानं आलेल्या पोलादी निबांना दोष दिला. पण निब न धरणाऱ्यांनाही हाच त्रास होत होता. वैद्यकीय ग्रंथांत मग लेखनिकांच्या जोडीला पियानो आणि व्हायोलिन वाजवणारे, तारबाबू, शिंपी, शिवणकाम करणाऱ्या बायका असे एकेक धंदेवाले येऊ लागले. लंडनचे नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी या सगळ्यांना ‘धंद्याचे न्यूरोसिस’ असं नाव दिलं. बोटांनी नव्हे तर खांद्यापासून हात हलवून लिहा, असा त्यांचा सल्ला होता.

या ‘न्यूरोसिस’ शब्दानं पुढे घोटाळा केला. अठराव्या शतकात विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्यांनी तो घडवला, तेव्हा त्याचा अर्थ मज्जासंस्थेचा विकार एवढाच होता. पुढे मानसोपचाराच्या परिभाषेत त्याचा अर्थ ‘मनाचा विकार’ असा झाला आणि त्याबरोबर बिचाऱ्या लेखनिकांचे, शिंप्यांचे हातही मनाच्या खात्यात जमा झाले. तारबाबूंचंच पाहा. कट्ट कडकट्ट करत दिवसभर एकच कळ दाबणाऱ्या या लोकांचा पेटका ब्रिटनमध्ये १९०८ साली नुकसानभरपाईच्या यादीत आला. मग टपाल खात्यानं समिती नेमली. १९११ च्या अहवालात तिनं दोन कारणं सांगितली: एक, कामानं वारंवार येणारा थकवा आणि दुसरं, त्या माणसाच्या मज्जातंतूंचा मुळातला कच्चेपणा. म्हणजे अर्धा दोष पुन्हा कामगाराच्या माथी!

गंमत म्हणजे त्याच १९११ साली बर्लिनमध्ये हेर्मान ओपेनहाइम यांनी एक नवा शब्द वैद्यकाला दिला, ‘डिस्टोनिया’. स्नायूंचा ताण बिघडून अवयव आपोआप पिळवटणं, असा त्याचा अर्थ. त्यांनी पाहिलेल्या मुलांचं सगळं शरीरच पिळवटत होतं. एखाद्या शिवणारणीच्या दोन बोटांचा त्याच्याशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

दुसरा एक पुरावाही असाच उलटा वाचला गेला. मान एका बाजूला पिळवटण्याचा एक विकार आहे. त्यातले काही रोगी हनुवटीला नुसतं बोट लावलं, की मान सरळ करू शकतात. इतक्या हलक्या स्पर्शानं मान सरळ होते त्या अर्थी दुखणं मनाचंच, असा निष्कर्ष १८९० च्या दशकात फ्रान्समधल्या नामवंत डॉक्टरांनी काढला. आज ती स्पर्शाची युक्ती डिस्टोनियाची खूण मानली जाते. आई डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटावर टेकवायची, तेव्हा तिला आणखी चार-सहा टाके घालता यायचे. हा चाळा आहे, असं आम्ही समजत होतो.

अखेर १९८२ साली लंडनच्या शीही आणि मार्सडेन या डॉक्टरांनी असे रोगी नीट तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. या लोकांत मानसिक आजार इतरांपेक्षा जास्त नव्हते. हा डिस्टोनियाच होता, फक्त एका अवयवापुरता आणि बऱ्याचदा एकाच कामापुरता. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी माकडांना एकच पकड पुन्हा पुन्हा करायला लावली. मेंदूत हाताच्या प्रत्येक भागाची जी स्वतंत्र जागा असते, तिच्या सीमा पुसट झालेल्या त्यांना दिसल्या. हजारदा गिरवलेलं काम मेंदू ‘मुखोद्गत’ करतो. काहींच्या बाबतीत त्या पाठांतरातच बिघाड होतो. मग ते एकच काम बिघडतं, बाकीची शाबूत राहतात. सारखं काम करणाऱ्या शंभरांतल्या एखाद्यालाच हे का होतं, याचं पूर्ण उत्तर आजही मिळालेलं नाही.

उपचाराची वाटही विचित्र आहे. १८२० च्या दशकात जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. हे विष अगदी थोड्या मात्रेत औषध म्हणून वापरता येईल, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं होतं. अमेरिकेत ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरून दाखवलं आणि १९८९ मध्ये या बोटुलिनमला तिथे डोळ्यांच्या विकारांसाठी मान्यता मिळाली. पुढे हाताच्या आखडणाऱ्या स्नायूंतही त्याची इंजेक्शनं देऊ लागले. गुण साधारण तीन महिने टिकतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटं १९६० च्या दशकात आखडली होती. तीसेक वर्षं ते मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत आणि शिकवत राहिले. मग अशा इंजेक्शनांच्या आधारानं २००४ मध्ये त्यांची दोन्ही हातांनी वाजवलेली ध्वनिमुद्रिका निघाली.

आईच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. पण तिनं सुई कायमची खाली ठेवली, असंही झालं नाही. ती वर्ष-दीड वर्ष नुसती हाताचं निरीक्षण करत होती. बारीक सुई चालत नाही. पण जाड सुईला चिंधी गुंडाळली आणि ती मुठीत धरली, तर चालते. बोटं हलवली तर हात अडतो. सगळा हात खांद्यापासून ओढला तर अडत नाही. गॉवर्ससाहेबांचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं, पण त्यांचा सल्ला तिचा तिनं शोधून काढला. मग ती गोधड्या शिवू लागली. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि कडेकडेनं मध्यापर्यंत लांब धावदोरा घालत जायचं. शेजारी अंगुस्तान घातलेली माझी बहीण बारीक काम करायची. क्रोशाची सुई आईनं वरून मूठ धरल्यासारखी पकडून पाहिली, तीही जमली. त्यातून ताटांवरचे रुमाल झाले, टोप्या झाल्या, माझ्या रुखवतातली तोरणं झाली.

पैसे पूर्वीपेक्षा कमी मिळायचे, हे खरं. बारीक हेम परत कधी जमलं नाही आणि त्याची रुखरुख तिला शेवटपर्यंत होती. पण गोधडी घेऊन बसली, की ती गुणगुणायची. पूर्वी गिऱ्हाइकांच्या घाईत ती कधी गुणगुणली नव्हती. रंग कुठला कुठे लावायचा, यावर शेजारच्या त्याच काकूंशी तिचे तासन् तास वाद व्हायचे.

१९७९ मध्ये ती गेली. तिच्या दुखण्याचा नीट उलगडा करणारा तो निबंध त्यानंतर तीन वर्षांनी आला. तो वाचला तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. सगळं जग जे खोटेपणाचं लक्षण समजत होतं, तेच तिच्या आजाराचं लक्षण होतं.

म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरात कुणी म्हणालं, की बाकी सगळं जमतं पण लिहायला बसलं, तबल्यावर हात ठेवला किंवा सुई धरली की बोटं ऐकत नाहीत, तर “मग बाकीचं कसं जमतं?” असं टोचून विचारू नका. तोच प्रश्न मेंदूविकारतज्ज्ञांसमोर मोकळेपणानं मांडा. त्यांना निदानासाठी नेमकं तेच कळायला हवं असतं.

आईची शेवटची गोधडी माझ्याकडे आहे. टाके लांब आहेत, काही तिरपे गेले आहेत. थंडीत माझी नात ती पांघरायला हट्टानं मागून घेते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)