वेगळ्या शाखेतून लँडस्केपकडे : प्रस्तावना

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले आहे, त्यांतल्या बहुतेकांनी आजवर टी-स्क्वेअर हातात धरलेला नसेल. कुणी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले असेल, कुणी कृषी महाविद्यालयातून बाहेर पडले असेल, कुणी सिव्हिल इंजिनिअर म्हणून रस्त्याच्या कामावर उन्हाळे काढले असतील, कुणी इतिहास शिकवत असेल, तर कुणी वर्तमानपत्रात पाणीप्रश्नावर लिहीत असेल. जमीन, पाणी, झाडे आणि माणसे यांचा एकत्र विचार कुठे शिकायला मिळेल, हे शोधता शोधता ही सगळी मंडळी लँडस्केप आर्किटेक्चर या विषयापाशी येऊन पोहोचली आहेत. ‘आपला पाया वेगळा, आपल्याला हे झेपेल का?’ ही धाकधूकही सगळ्यांच्या मनात आहे. त्यांचे स्वागत करताना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या विषयाची पहिली पिढी तुमच्यासारखीच होती.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे नाव निघाले की फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड यांचे नाव येतेच. १८२२ साली जन्मलेल्या या माणसाने कोणताही पदवी अभ्यासक्रम पुरा केलेला नव्हता. तरुणपणी ते खलाशी होऊन चीनपर्यंत जाऊन आले. मग स्टेटन आयलंडवर त्यांनी शेती केली, इंग्लंडात पायी हिंडून त्यावर पुस्तक लिहिले आणि बातमीदार म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत फिरून गुलामगिरीवर पोसलेल्या शेतीचे अर्थकारण वाचकांपुढे मांडले. १८५७ मध्ये ते पार्कच्या कामावर अधीक्षक म्हणून रुजू झाले. कॅल्व्हर्ट व्हॉक्स या इंग्रज वास्तुविशारदाबरोबर त्यांनी केलेला आराखडा पुढच्याच वर्षी स्पर्धेत पहिला आला. शहराची वाहतूक पार्कमधून आडवी पलीकडे नेणारे चार रस्ते हवेत, अशी स्पर्धेची अट होती. या दोघांनी ते रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले. त्यामुळे वर चालणाऱ्याला हिरवळ सलग दिसते आणि खालून गाड्या जात राहतात. जमिनीचा उतार, गाडीची वाट आणि चालणाऱ्याची नजर या तिन्हींचा एकदम विचार केल्याशिवाय असा तोडगा सुचत नाही.

नाव या दोघांचे झाले, पण पार्क उभे करायला आणखी हात लागले. ती जागा बरीचशी दलदलीची आणि खडकाळ होती. जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या टाकून तिचा निचरा केला तो जॉर्ज वेअरिंग यांनी. ते शेतजमिनीच्या निचऱ्याचे जाणकार होते; १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्तेसफाईची घडी बसवली तीही त्यांनीच. लागवडीची बाजू ऑस्ट्रियाहून आलेले इग्नाझ पिलाट यांनी सांभाळली. एवढी माणसे असूनही या कामात एक मोठी उणीव राहिली. त्याच जागेवर सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची, स्वतःची घरे आणि चर्च असलेली वस्ती होती. १८५७ मध्ये ती उठवली गेली आणि पार्कच्या कौतुकात शंभरहून अधिक वर्षे तिचा उल्लेखही जवळजवळ होत नव्हता. तिला पुन्हा नकाशावर आणले ते इतिहासकारांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी. इतिहासाच्या पदवीधराने ‘माझे इथे काय काम?’ असे विचारले की मी त्याला आधी सेनेका व्हिलेजबद्दल वाचायला सांगतो.

पुढे या कामाला व्यवसायाचे रूप आले. १८९९ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्सची स्थापना झाली. तिच्या अकरा संस्थापकांत एकच स्त्री होती, बिअट्रिक्स जोन्स, म्हणजे पुढच्या बिअट्रिक्स फॅरंड. त्यांचे शिक्षण अर्नोल्ड आर्बोरेटमच्या वृक्षसंग्रहात झाडे पाहत, चार्ल्स सार्जंट या वनस्पतितज्ज्ञाच्या हाताखाली झाले होते. १९०० मध्ये हार्वर्डने रीतसर अभ्यासक्रम सुरू केला, पण तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून १९०१ मध्ये लोथॉर्प स्कूल आणि त्यानंतर केंब्रिज स्कूल अशा खास स्त्रियांसाठीच्या शाळा निघाल्या. हार्वर्डचे दार उघडायला दुसरे महायुद्ध यावे लागले. व्यवसाय प्रतिष्ठित झाला की तो आपले दार अरुंद करतो, हे इथेही घडले. त्याची किंमत विषयालाच मोजावी लागते, असे माझे मत आहे.

ते दार पुन्हा रुंद केले इयन मॅकहार्ग यांनी. मूळचे स्कॉटलंडचे मॅकहार्ग महायुद्धात छत्रीधारी सैनिक होते. १९५० च्या दशकात पेनसिल्वेनिया विद्यापीठात त्यांनी लँडस्केपचा विभाग नव्याने उभा केला आणि पुढे भूगर्भ, भूजल, माती, परिसंस्था आणि मानववंश या विषयांचे अभ्यासक शिकवायला आणले. १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात त्यांनी स्टेटन आयलंडवरच्या एका नियोजित महामार्गाचे उदाहरण दिले आहे. उतार, पाणी, जंगल, जुन्या वास्तू, वस्ती अशी एकेक गोष्ट त्यांनी वेगळ्या पारदर्शक कागदावर छटांनी दाखवली. जिथे नुकसान जास्त, तिथे छटा गडद. सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले की जो पट्टा फिकट दिसेल, तिथून रस्ता न्यावा. आज जीआयएसमध्ये आपण जे थर चढवतो, त्यामागचा विचार हाच आहे. मात्र कागदावर छटेने दाखवता येते तेवढेच या पद्धतीत मोजले जाते. लोकांच्या आठवणी, वहिवाट आणि हक्क तिच्यात सहज मावत नाहीत, आणि समाजशास्त्र किंवा कायदा शिकलेला विद्यार्थी तिथे कामाला येतो.

आता आपल्या जमिनीवर येऊ. पुण्याची वेताळ टेकडी बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. वेगवेगळ्या शाखांच्या गटाला घेऊन तिथे गेले की जे घडते, ते मला दर वेळी नव्याने शिकवते. आर्किटेक्चर शिकलेला विद्यार्थी नकाशावर हिरवा रंग भरून ‘दाट झाडी’ असे लिहितो. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी पाने हातात घेऊन पाहते आणि सांगते की यातली बरीचशी झाडी म्हणजे गिरिपुष्प, वनीकरणात लावलेला मध्य अमेरिकेतला ग्लिरिसिडिया. ती खाली वाकून दाखवते : या सावलीत टेकडीचे मूळचे गवत उरलेले नाही. कृषी पदवीधर खुरपे घालतो. चार बोटे माती, मग मुरूम, मग कातळ. जुन्या खाणीच्या कापाशी आलो की भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी थांबतो. बेसॉल्टचे थर एकावर एक कसे बसले आहेत, पाणी फटींतून कुठवर उतरते आणि खालचा थर ते अडवतो तिथून आडवे कसे पाझरते, हे तो बोटाने दाखवतो. पुण्याच्या परिसरातले झरे याच हिशेबाने फुटतात. कुणीतरी विचारते की झाडी नव्हती तेव्हा इथे गुरे कोण चारत होते, गवत कोण कापत होते. आणि हिरवा रंग भरणारा आपला वास्तुविद्यार्थी या सगळ्यांचे बोलणे एका आडव्या छेदात काढून दाखवतो. ते काम त्याच्याइतके चांगले बाकी कुणालाच जमत नाही. टेकडीवर आणखी झाडे लावण्याचा प्रस्ताव घेऊन वर चढलेला गट खाली उतरताना गवताळ माळ परत कसा आणता येईल, यावर वाद घालत असतो.

याचा अर्थ शिकण्यासारखे काही उरत नाही, असा कुणी काढू नये. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना पहिले वर्ष जड जाते. हात चित्राला वळत नाही, ज्युरीसमोर शीट लावताना पोटात गोळा येतो, आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे जमिनीचे उतार बदलायला शिकण्याच्या, तासाला तर भले भले गडबडतात. सह्याद्रीत भटकलेल्यांचे इथे थोडे फावते. टोपोशीटवर कॉन्टूरचे टोक चढाकडे वळले की तिथे घळ किंवा ओढा आणि उताराकडे वळले की सोंड, हे त्यांना पायांनी माहीत असते. पण वाचणे वेगळे आणि बदलणे वेगळे. सपाट दिसणाऱ्या फरसबंद अंगणालाही पन्नासात एक एवढा उतार द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी भिंतीशी येऊन थांबते. पायऱ्यांऐवजी चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प हवा असेल तर एक मीटर चढायला बारा मीटर लांबी लागते, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. अशी एकेक रेष सरकवली की तिच्या वरच्या-खालच्या सगळ्या रेषा हलतात. चिखलाचा किंवा पुठ्ठ्याचा उतार हाताने करून पाहिल्याशिवाय हे अंगी मुरत नाही, आणि हाताने केले की मुरते. हे सगळे शिकवता येते. दहा वर्षे शेतात किंवा प्रयोगशाळेत काढून आलेली नजर मात्र कोणत्याही अभ्यासक्रमाला देता येत नाही. ती तुम्ही बरोबर घेऊन येता.

ही नजर कामाला आल्याची उदाहरणे याच काळातली आहेत. जूली बार्गमन मूळच्या शिल्पकार. पेनसिल्वेनियातल्या व्हिंटनडेल या कोळशाच्या गावी खाणीतून येणाऱ्या आम्लयुक्त पाण्याचा प्रश्न होता. तिथे त्यांनी इतिहासकार, भूजलतज्ज्ञ आणि आणखी एक शिल्पकार यांच्याबरोबर काम केले. गढूळ नारिंगी पाणी एकामागून एक तळ्यांतून निवळत जाते, आणि कडेच्या रांगांत झाडे अशी निवडली की पानगळीच्या दिवसांत त्यांचे रंग पाण्याच्या बदलत्या रंगांशी जुळावेत. कॉर्नेलिया ओबरलँडर यांच्या नावाचा पहिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार २०२१ मध्ये बार्गमन यांनाच मिळाला. केट ऑर्फ यांची पहिली पदवी राजकीय आणि सामाजिक विचारांची. सँडी वादळानंतर स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यालगत समुद्रात लाटा मोडणारे आणि सागरी जिवांनाही थारा देणारे बांध घालण्याची योजना त्यांच्या चमूची आहे. चीनमध्ये ‘स्पंज सिटी’ची, म्हणजे पावसाचे पाणी शोषून धरणाऱ्या शहराची, कल्पना रुजवणारे काँगजियान यू शेतकऱ्याच्या घरात वाढले होते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल ते काम अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीने काय केले ते मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. पेनसिल्वेनियात लँडस्केप शिकवणाऱ्या माथुर आणि वास्तुकला व नियोजन शिकलेले दा कुन्हा यांनी त्यावर २००९ मध्ये ‘सोक’ हे प्रदर्शन आणि पुस्तक केले. जमीन इकडे, समुद्र तिकडे आणि मध्ये एक रेघ, हा नकाशाच मुळात चुकीचा आहे. मुंबई ही खाडीमुखातली जागा आहे आणि पावसाळ्याला तिथे जागा ठेवावीच लागेल, असे त्यांचे म्हणणे. ते पटो वा न पटो, शहराचा विकास आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवे.

आपल्याकडे असा मिश्र वर्ग चालू शकतो, याचा दाखला पुण्यातच आहे. प्रा. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमाला वास्तुविशारद, इंजिनिअर आणि इतर शाखांचे पदवीधर एकत्र बसत आले आहेत. त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावच्या उजाड उतारावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणारे आणि पाणी पंचायत उभी करणारे विलासराव साळुंखे इंजिनिअर-उद्योजक होते. त्यांच्या कामाला कुणी लँडस्केप म्हटले नाही. मी म्हणतो.

तरीही आपल्या विद्यापीठांचे दार अरुंदच आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधरासाठी तीन वर्षांचा एम.एल.ए. (मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर) असतो आणि डिझाइनची पदवी आधीच असलेल्यांसाठी दोन वर्षांचा. आपल्याकडे ही पदवी बहुधा एम.आर्च. म्हणून दिली जाते आणि एम.आर्च.ला बी.आर्च. लागते. गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट ही की कायदा इतका कडक नाही. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद नोंदणी झालेल्यांपुरते राखून ठेवले, पण कलम ३७ मध्ये लँडस्केप आर्किटेक्टला त्यातून वगळले. म्हणजे संसदेने पन्नास वर्षांपूर्वी जे दार उघडे ठेवले, ते विद्यापीठांच्या प्रवेश-अटींनी लावून घेतले आहे. राज्यातल्या कृषी, विज्ञान आणि वास्तुकला विद्यापीठांनी एकत्र येऊन तीन वर्षांचा, सर्व शाखांना खुला असा अभ्यासक्रम सुरू करावा, ही माझी जाहीर विनंती आहे. दुष्काळ, पूर, बुजलेले ओढे आणि फोडलेल्या टेकड्या यांवर काम करायला जेवढी माणसे लागतील, तेवढी केवळ बी.आर्च.मधून येणार नाहीत.

तोवर, जे वाचक देशात वा परदेशात अर्ज करण्याच्या तयारीत आहेत त्यांना एक सल्ला. पोर्टफोलिओसाठी घाईघाईने कुणाकडून सॉफ्टवेअरची चकचकीत चित्रे करून घेऊ नका. आपल्या गावातला किंवा वस्तीतला एक ओढा निवडा आणि उगमापासून तो नदीला मिळतो तिथपर्यंत चालत जा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. तो कुठे पाइपात घातला आहे, कुठे त्याच्यावर पार्किंग झाले आहे, काठावर कोणती झाडे आहेत, कोण कपडे धुते, कोण भाजी पिकवते, हे स्वतःच्या हाताने काढा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. अर्जासोबत तेच पाठवा.