आखाजीची गाडी : एरंडोल परिसरातील उन्हाळी प्रवासाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खानदेशातील शेतकरी कुटुंबाचा वर्षातला मोठा प्रवास चैत्र-वैशाखात होत असे आणि तो प्रामुख्याने सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटीसाठी असे. ज्या महिन्यांत येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, नेमक्या त्याच महिन्यांत माणसे बायकामुलांसह घराबाहेर पडत, ही गोष्ट परक्याला विपरीत वाटावी अशी आहे. तिचा उलगडा सहसा अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे खानदेशी बोलीतल्या आखाजीच्या, सणाने केला जातो. परंतु सण हे निमित्त होते; प्रवासाचा काळ ठरवला तो बैल, कापूस आणि काळी जमीन या तिघांनी, असे एरंडोलसारख्या गावाच्या व्यवहाराकडे पाहिले म्हणजे दिसते.

अंजनी नदीच्या काठचे एरंडोल धुळ्याहून पारोळ्यामार्गे जळगावला जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. स्थानिक परंपरा या गावाला महाभारतातील एकचक्रा नगरी मानते. पांडववाडा या नावाने ओळखली जाणारी गावातील जुनी वास्तू आणि जवळच्या पद्मालयाच्या परिसरातील भीमाच्या खुणा तिच्या आधारादाखल दाखवल्या जातात. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे भारतात अनेक आहेत, त्यामुळे हा दावा इतिहासाच्या कसोटीवर लावण्यात फारसे हशील नाही. मात्र एकचक्रेला छळणाऱ्या बकासुर राक्षसाकडे पाठवायचे अन्न महाभारताच्या कथेतही गाडीभर असते आणि ती गाडी भीम स्वतः घेऊन जातो, एवढे नमूद करण्यास हरकत नाही. लेखी इतिहासात एरंडोलची ख्याती हातकागदासाठी होती. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांनी, म्हणजे सरकारने सिद्ध केलेल्या प्रादेशिक माहितीग्रंथांनी, या धंद्याची नोंद घेतली आहे, पण तोवर तो उतरणीला लागला होता. गावाचा खरा व्यवहार कापूस आणि धान्य यांचा होता.

गाडीने प्रवास करण्याची प्रथा फार प्राचीन असली तरी ती सर्वसामान्य कुणब्याच्या आवाक्यात फार उशिरा आली, हे लक्षात घेतले पाहिजे. सतराव्या शतकात सुरत आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणारा मोठा व्यापारी मार्ग खानदेशातून, नंदुरबारवरून जात होता, आणि त्या काळात भारतभर फिरलेला फ्रेंच जवाहिर व्यापारी ताव्हेर्निये याने धावत्या बैलांच्या हलक्या गाड्यांचे वर्णन केले आहे. पण अशा गाड्या सरदार, सावकार आणि परदेशी व्यापारी यांच्या असत. मालाची खरी वाहतूक लमाण आणि वंजारी यांच्या पाठाळ बैलांवरून, म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरून होई, आणि त्यांच्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल असल्याचे ताव्हेर्निये लिहितो. पाठाळ बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. गाडीला मात्र बांधलेली वाट आणि उतारयोग्य नदी लागते. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा हा प्रदेश दुष्काळ, पेंढारी आणि बंडाळी यांनी उजाड झालेला होता. पुढे मुंबई–आग्रा रस्ता आणि त्याला जोडणारे पूर्व-पश्चिम रस्ते बांधले गेले, तेव्हा शेतकऱ्याच्या दारात गाडी उभी राहू लागली.

तिला बळ दिले ते कापसाने. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात पोहोचली आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाचा भाव भडकला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. एरंडोलहून ती चौदा मैलांवर होती, तर म्हसावद हे रेल्वेचे जवळचे स्थानक नऊ मैलांवर. कार्तिकापासून माघापर्यंत या दोन वाटांवर कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली असे. चैत्र उजाडेपर्यंत कापूस विकलेला, ज्वारी खळ्यातून घरात आलेली आणि बैल मोकळे झालेले असत. पुढची जुंपणी मृगाच्या तोंडावर. या दोहोंमधले दीड-दोन महिने एवढाच काळ असा होता की बैल रिकामे, हातात थोडा पैसा आणि वाट कोरडी, या तिन्ही गोष्टी एकत्र येत. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती पहिल्या जोरदार पावसाने अशी लोणी होते की भरली गाडी आसापर्यंत रुतते. पावसाळ्यात शेजारचे गावही दूर जाई. उन्हाळा तापदायक होता खरा, पण दुसरा पर्याय नव्हता.

हिवाळ्यात कापूस वाहणारी गाडीच उन्हाळ्यात प्रवासी घर होई. सधन घरी स्वतंत्र दमणी असे. दमणी म्हणजे दोन माणसे पुढे व तीन-चार मागे बसतील अशी हलकी, छत असलेली, जलद बैलांची गाडी. ती ज्यांना परवडत नसे ते मालगाडीच्या साटीवर, म्हणजे लाकडी तळावर, बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून बांधत, त्यांवर तट्ट्या किंवा जाड कापड टाकत आणि मागेपुढे लुगड्याचा पडदा सोडत. तळाशी कडब्याचा जाड थर, त्यावर गोधड्या. कडबा बैलांचा वाटेतला चारा असल्यामुळे मुक्कामागणिक बैठक पातळ होत जाई. गाडीखाली पाण्याची घागर आणि वंगणाचा नळा टांगलेला असे. वंगण म्हणजे लाकडी तुंब्यात फिरणारा लोखंडी आस कोरडा पडू नये म्हणून घालायचे तेल; ते बहुधा एरंडेल असे आणि चिंधीत मुरवून घातले जाई. ते कमी पडले तर चाक कुरकुरू लागे आणि आस तापे. चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, उन्हाळ्यात लाकूड सुकून सैल होते. म्हणून प्रवासाआधी गाडी सुताराकडे व लोहाराकडे नेणे क्रमप्राप्त असे. या दोघांची उन्हाळ्यातली कमाई नवी अवजारे आणि असल्या दुरुस्त्या यांवरच अवलंबून होती.

बैलांबद्दल खानदेशी शेतकरी फार चोखंदळ असे. तापीकाठची पांढरी, चपळ खिलार जात, जिला ठेलारी धनगरांवरून थिलारी असेही म्हणत, चालीसाठी नावाजलेली होती, तर ओझ्यासाठी निमाडी बैल पसंत पडत. सोयऱ्याच्या दारी जाताना जोडी कोणती जुंपली यावर घराची पत जोखली जात असल्यामुळे घुंगरमाळा, झुली आणि शिंगांचा रंग यांवर झालेला खर्च निव्वळ हौस म्हणून सोडून देता येत नाही.

प्रवास रात्री होई. ऊन कलले की गाडी निघे, पहाटेपर्यंत चाले, आणि दुपार आमराईत, विहिरीजवळ किंवा गावाच्या पारावर निघे. कुटुंबासह जाणारी गाडी एका मजलेत, म्हणजे दोन विसाव्यांमधल्या टप्प्यात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाई. नदीला पूल नसला तरी वैशाखात अडचण नव्हती, कारण पात्रातली वाळू उघडी पडलेली असे, आणि त्याच वाळूत टरबुजांच्या व डांगरांच्या वाड्या असत; डांगर म्हणजे येथील भाषेत खरबूज. शिदोरीत कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि दुधात भिजवलेल्या पिठाच्या, दोन-तीन दिवस टिकणाऱ्या दशम्या असत. या वेगाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही : सोयरिकी बहुतांशी गाडीच्या एका-दोन मजलेच्या आतच जुळत. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर असोदे आणि सासर जळगाव यांतले अंतर तर चार-पाच किलोमीटरांचे, तरीही माहेरची वाट आणि आखाजी हे त्यांच्या कवितेचे ठसठशीत विषय झाले. सासुरवाशिणीला ते अंतर मैलांत मोजायचे नव्हते. मूळ आल्याशिवाय, म्हणजे माहेरचे माणूस न्यायला आल्याशिवाय, ते ओलांडता येत नव्हते.

न्यायला येणाऱ्यास मुराळी म्हणतात आणि तो शक्यतो सख्खा भाऊ असतो. याचे भावनिक स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. त्यामागे एक व्यावहारिक बाजूही असावी. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला संपते आणि नवी बोली त्याच दिवशी ठरते. सणाच्या आदल्या आठवड्यात गाडी हाकायला गडी मिळेलच याची खात्री नसे, आणि कासरा घरच्या मुलाच्या हाती येई. माहेरी आलेल्या मुली गौराई मांडत, निंबाच्या फांदीला झोके बांधत. पितरांच्या नावाने घागर भरली जाई, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होई, पुरुष पत्ते कुटत बसत. काही ठिकाणी दोन गावांच्या स्त्रिया नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यांतून शिव्या देत, त्याला बार म्हणतात. जळगाव परिसरातील अनेक गावांत उन्हाळ्यातच बारागाड्या ओढण्याचा विधी होतो, ज्यात एकामागे एक जोडलेल्या बारा गाड्या भगत खंडोबाच्या नावाने ओढतो. रिकाम्या गाड्या इतक्या संख्येने गावात उभ्या असण्याचा हंगाम हाच आहे, हे सहज लक्षात येईल.

पाहुण्याबरोबर बैल येत, म्हणून पाहुणचाराचे ओझे दुहेरी होते. यजमानाला बैलांसाठी कडबा, सरकी आणि पाणी पुरवावे लागे, आणि मुक्काम किती लांबवायचा हे गंजीकडे पाहून ठरे. अनेक घरांत मुलीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या घरी अन्नपाणी घेत नसत. असे वयस्क जोडपे लेकीच्या गावी गेले तर गाडी गावाबाहेर सोडून, तीन दगडांवर स्वतःचे शिजवून, मग भेटीला जाई. घरासारखी सज्ज गाडी ही अशा वेळी सोय नसून गरज होती. चारा नसेल तर भेटीगाठी थांबत. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात खानदेशात गुरे मोठ्या प्रमाणावर मेली, आणि योगायोग असा की १९०० मध्येच चाळीसगाव–धुळे फाटा व सुरतेहून अमळनेरकडे येणारी तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली. या नव्या मार्गांवरच्या ज्या घरांच्या गोठ्यात बैल उरले नव्हते त्यांना आगगाडीचे तिकीट हा पर्याय त्या वर्षी मिळाला. एरंडोलकरांना मात्र स्थानकापर्यंत गाडी लागणारच होती.

या चित्रात एक मोठी पोकळी राहते. पारावरचा विसावा, वाटेवरची विहीर, गाडीवानाची सेवा यांपैकी काहीही अस्पृश्य मानलेल्या जातींना खुले नव्हते. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत असे दोन प्रसंग नोंदवले आहेत. पहिला १९०१ च्या उन्हाळी सुट्टीतला, साताऱ्याकडचा : वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्थानकाबाहेर गाडीवान मिळेना, शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली, आणि जवळ शिदोरी असूनही पाणी न मिळाल्यामुळे रात्र उपाशी गेली. दुसरा खानदेशातला, १९२९ चा. सरकारी समितीचे सदस्य म्हणून चौकशी आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. तेथील महार मंडळींनी त्यांना वस्तीवर न्यायचे ठरवले, पण एकही टांगेवाला त्यांना हाकून नेण्यास तयार होईना. टांगा भाड्याने द्यायचा आणि हाकणारा महारांनी आणायचा अशी तडजोड झाली, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती लगाम आला, आणि नदीवरच्या पुलावर अपघात होऊन आंबेडकरांचा पाय मोडला. गाडीच्या प्रवासाचे रम्य वर्णन करणाऱ्या कोणत्याही लेखनात चाळीसगावचा हा पूल यायला हवा.

१९४८ मध्ये मुंबई राज्यात सरकारी एस.टी. सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ती गावोगाव पोहोचली, तसा मुराळी कासरा सोडून तिकीट काढू लागला. गाडी शेतात राहिली, तिला रबरी टायर आले, वंगणाचा नळा गेला. प्रवासाचा काळ मात्र बदलला नाही. बैलांच्या सवडीची जागा शाळेच्या सुट्टीने घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारींतून फिरण्याचे, धोरण जाहीर केले आणि त्यात अशा गाड्या उभ्या करण्याच्या जागांचाही विचार केला. त्या धोरणाच्या नजरेतला प्रवासी पर्यटनस्थळे पाहायला निघालेला आहे. आखाजीच्या गाडीतला प्रवासी स्थळे पाहायला निघत नसे. वाटेवर पद्मालय लागले तर दर्शन घेई, न लागले तर त्यासाठी वाट वाकडी करीलच असे नाही, कारण ठरलेल्या दिवशी बहिणीच्या दारात गाडी लावणे त्याच्यावर बंधनकारक होते.