रक्त कमी कशानं? मूत्रपिंडाच्या एका निरोपाची गोष्ट

कारंज्यात बोलायचं, म्हणून विषय घरचाच घेतलाय. १९८४ साली माझ्या थोरल्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दादा पांढराफटक पडत चालला, चार पायऱ्या चढला की धाप लागायची. आई म्हणायची, "तू नीट जेवतच नाहीस." गूळ-शेंगदाणे झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, बीटही झालं. बीटमध्ये पोटॅशियम भरपूर असतं आणि निकामी मूत्रपिंडाला ते झेपत नाही, हे कुणाला ठाऊक होतं? मी कॉलेजात कार्यकारणभाव शिकवत होतो आणि घरात चुकीचं कारण धरून बसलो होतो.

रक्तक्षयाची कारणं वेगवेगळी असतात, हे आपल्या मुंबईतही दिसलं होतं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथे आली. गरोदर गिरणी कामगार बायकांमधला एक रक्तक्षय तिने यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आजचं फॉलिक अ‍ॅसिड. तिथे आहारात उणीव होती. दादाचं तसं नव्हतं.

मूत्रपिंड रक्त गाळतं, हे आपण शाळेत शिकलो. पण तेच अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा निरोपही धाडतं. १९५३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलन अर्स्लेव्ह यांनी रक्त काढलेल्या सशांचा रक्तद्रव धडधाकट सशांना टोचला, तर त्यांच्या नव्या पेशी वाढल्या. १९५७ मध्ये जेकबसन यांच्या गटाने निरोपाचं ठिकाण दाखवलं: मूत्रपिंड. या संप्रेरकाचं नाव एरिथ्रोपोएटिन. १९७७ मध्ये शिकागोत युजीन गोल्डवासर यांनी जपानी रुग्णांच्या २,५५० लिटर लघवीतून ते शुद्ध काढलं. हाती आले फक्त काही मिलिग्रॅम! अमेरिकेत इंजेक्शनला मंजुरी मिळाली १९८९ मध्ये.

तोवर आधार बाहेरच्या रक्ताचा. त्याने लोह साचायचं, संसर्गजन्य काविळीची भीती असायची, पुढे मूत्रपिंड बदलणंही अवघड व्हायचं. दादा १९८६ मध्ये गेला.

इंजेक्शन आल्यावर वाटलं, हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं नेऊ. २००६ मध्ये १,४३२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू, हृदयाचे त्रास आणि पक्षाघात मिळून ११.३ च्या गटापेक्षा जास्त निघाले. म्हणून आता या इंजेक्शनने साधारण ११.५ च्या वर नेत नाहीत. आणि लोहाचा साठा आधी तपासतात. विटाच नसल्या तर नुसत्या निरोपाने भिंत उठत नाही. २०२२ पासून डेसिडुस्टॅट ही भारतीय गोळीही आहे, ती शरीराकडूनच हा निरोप वाढवून घेते.

तुमच्यापैकी कुणी घरच्या माणसाला घेऊन डायलिसिससाठी अकोला-अमरावतीच्या चकरा मारत असाल. डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: लोहाचा साठा किती आहे, आणि हिमोग्लोबिन कुठवर न्यायचं? आणि त्याच्या ताटाकडे बघून त्याला बोल लावू नका. आमच्या घरी ते झालं. दादा निमूट ऐकून घ्यायचा.