चिखलदऱ्याला मुक्काम कुठे करावा? धबधबे बघायला जाणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

जुलै लागला की आमच्या महालात, गांधीगेटपासून बडकस चौकापर्यंत, घराघरांत एकच विषय निघतो: यंदा चिखलदऱ्याला जायचं का? माझ्या शाळेतल्या मुलीसुद्धा मधल्या सुट्टीत विचारतात, "मॅडम, तुम्ही जाऊन आल्या ना, कुठे थांबल्या होत्या?" प्रश्न साधा वाटतो, पण सहल सुखाची होणार की जिवावर बेतणार, हे बरंचसं त्याच्या उत्तरावर ठरतं. म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवते आहे.

आधी जागा समजून घेऊ

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. विदर्भातलं हे एकच थंड हवेचं ठिकाण. इंग्रजांच्या काळात इथे कॉफी लावली गेली आणि तिची झाडं आजही दिसतात. गवळी लोकांमुळे दूधदुभतं भरपूर, त्यामुळे इथला खवा आणि रबडी प्रसिद्ध आहे. चारी बाजूंनी मेळघाटचं जंगल आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं.

धबधबे पावसाचे आहेत. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट या बाजूंना पाणी कोसळत असतं. दिवाळीनंतर धारा बारीक होतात आणि उन्हाळ्यात नुसता काळा खडक उरतो. म्हणजे पाणी बघायचं तर पावसातच जावं लागतं. आणि पाऊस म्हणजे धुकं, ओला घाट, शनिवार-रविवारची तोबा गर्दी. मुक्कामाचा विचार इथूनच सुरू करायचा.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वस्तात मिळाली म्हणून खाली, घाटाच्या पायथ्याशी खोली घेतली. हिशोब असा की दिवसभर वर फिरू आणि झोपायला खाली येऊ. सोबत सासूबाई, दोन मुलं आणि नणंद. भीमकुंडावर मुलांचा पाय निघेना. निघेपर्यंत मगरिबची वेळ झाली. घाटात शिरलो आणि धुकं असं उतरलं की गाडीच्या बोनेटपुढचं काही दिसेना. एका वळणावर मी उतरले आणि मोबाइलची बॅटरी पेटवून गाडीपुढे चालत राहिले. मागे अम्मी मोठ्याने आयतल कुर्सी पढत होत्या. जो रस्ता सकाळी तासाभरात चढलो, तोच उतरायला अडीच तास लागले. अल्लाहचा करम, सगळे सुखरूप पोचलो. पण खोलीत वाचवलेले पैसे त्या रात्री फार महाग पडले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे: मगरिबच्या आत खोली. ज्या जागेवरून हा नियम पाळता येईल, तीच मुक्कामाची बरोबर जागा. ऑगस्टच्या मध्यावर तिकडे सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान मावळतो. धुक्यात अंधार त्याच्याही आधी पडतो.

मुक्कामाचे चार पर्याय

*१. वर, चिखलदरा गावात.* महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवास आहे, खासगी हॉटेलं, रिसॉर्ट आणि घरगुती खोल्या आहेत. बहुतेक पॉइंट गावापासून जवळ, म्हणून संध्याकाळी घाट उतरायचा प्रश्नच येत नाही. पहाटे धुकं उठताना धबधबा बघायला मिळतो, तेव्हा गर्दीही नसते. तोटे दोन. सुट्टीच्या दिवशी दर चढतात आणि खोल्यांमध्ये ओल असते. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा गरोदर बाई सोबत असेल तर हाच पर्याय घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

*२. खाली, परतवाडा-अचलपुरात.* ही जुळी शहरं घाटाच्या पायथ्याशी आहेत. लॉज बऱ्यापैकी, बाजार मोठा, दवाखाने, औषधांची दुकानं, मशिदी आणि हलाल जेवण सहज मिळतं. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. शाह दूल्हा रहमान गाझींची दर्गाह आणि शहराबाहेर तलावातला अष्टकोनी हौज कटोरा बघण्यासारखा आहे. इथे राहायचं तर दिवस उलटा आखा. फजर पढून वर जा आणि असरच्या सुमारास घाट उतरायला लागा. "अजून एक पॉइंट बघू" म्हणणारे सोबत असतील, तर इथे राहू नका.

*३. जंगलात, सेमाडोह-कोलकासला.* परतवाडा-धारणी रस्त्यावर वन विभागाची निवासं आहेत. कोलकासचं विश्रामगृह सिपना नदीच्या काठावर आहे. शांतता हवी असणाऱ्यांसाठी सुंदर जागा, पण इथून धबधबे लांब पडतात. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते, जेवणात मर्यादा असते आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. हिवाळ्यात जंगल बघायला जाणार असाल तर ही जागा उत्तम. धबधब्यांसाठी ही निवड नको.

*४. मुक्कामच नाही, एका दिवसात परत.* नागपूरहून चिखलदरा सुमारे २३० किलोमीटर. गाडीने एका बाजूला पाच तास तरी धरा, पावसात जास्तच. म्हणजे दहा-अकरा तास रस्त्यावर आणि हातात जेमतेम तीन-चार तास. एकच ड्रायव्हर असेल तर परतीच्या वाटेवर त्याला झोप येणारच. तरुण पोरं हा पर्याय हमखास निवडतात, आणि त्यांनाच माझं कळकळीचं सांगणं आहे: एक रात्र थांबा. चौघांत एक खोली घ्या, पण थांबा.

जायचं कसं

गणेशपेठ बसस्थानकावरून अमरावतीला एसटी भरपूर आहेत. अमरावतीहून परतवाडा आणि तिथून वर चिखलदरा. स्वतःच्या गाडीने जाणारे कोंढाळी, तिवसा, अमरावती असा हमरस्ता धरतात. काही जण काटोल, वरुड, मोर्शी, चांदूरबाजार असं परतवाड्याला निघतात. परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत: एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. पावसात दरड किंवा गर्दीमुळे कधी एखादी बंद करतात, कधी एकेरी करतात. निघण्याआधी खोलीवाल्याला फोन करून विचारा, "आज कोणत्या वाटेने यायचं?" पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यालाच घ्या.

खोली ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न

फोटो बघून भुलू नका. फोन करा आणि हे विचारा:

- खोली तळमजल्यावर आहे का? ओल्या पायऱ्यांवर म्हाताऱ्यांचे पाय घसरतात.
- गरम पाणी कोणत्या वेळेला येतं? वजू आणि आंघोळ, दोन्हींसाठी हे आधी कळलेलं बरं.
- कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्यांना याचं मोल माहीत आहे.
- वीज गेली तर सोय काय? वादळी पावसात ती जातेच.
- गाडी आवारात लागते की रस्त्यावर?
- ड्रायव्हर झोपणार कुठे? त्याची झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी घाटात आपणच धोक्यात.
- जेवण कुठे बनतं? मटण-चिकन हलाल आहे का, कोणाकडून येतं?
- रद्द केलं तर पैसे परत मिळतात का?

ठरलेला दर, खोल्यांची संख्या आणि तारीख मोबाइलवर लिखित घ्या. आपलं पूर्ण नाव आणि किती माणसं आहेत हे आधीच स्पष्ट सांगा, सगळ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा. पावसात उभं राहून काउंटरवर वाद घालण्यापेक्षा फोनवर ऐकलेला नकार परवडला.

"व्हॅली व्ह्यू" खोलीसाठी जास्त पैसे मागतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या खिडकीतून बहुतेक वेळ पांढरं धुकंच दिसतं. तेच पैसे कोरड्या, हवेशीर खोलीवर खर्च करा.

जेवण आणि नमाज

हलालची खात्री होत नसेल तर शाकाहारी थाळी, झुणका-भाकर, खवा-रबडी खुशाल खा. आम्ही घरून कबाब आणि टिकणाऱ्या रोट्या नेतो, खोलीवर फक्त चहा सांगतो. शुक्रवारी वर असाल तर जुम्मा कुठे होतो हे आदल्या दिवशीच स्थानिकांना विचारून ठेवा. परतवाडा-अचलपुरात असाल तर काहीच अडचण नाही.

धुक्यात सूर्य दिसत नाही आणि किब्ला चुकतो. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेपासून सात-आठ अंश उत्तरेकडे आहे, म्हणून मोबाइलमधला कंपास वापरा. इतक्या लांबच्या सफरीत नमाज कसर होते. जमातीचे आणि बाकीचे मसले निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

पाण्याजवळ

भीमकुंड वरून बघायची दरी आहे, उतरून आंघोळ करायची जागा नाही. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका, ओल्या शेवाळावर चांगली चप्पलसुद्धा टिकत नाही. वर कुठे जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी काही मिनिटांत वाढतं, आणि खाली ऊन असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला की लगेच बाहेर निघा. दोरीवरचे साहसी खेळ करायचे असतील तर हेल्मेट आणि कमरेचा पट्टा नीट तपासून बांधतात का ते बघा. पाऊस-वारा असताना कोणी "काही होत नाही" म्हणाला तर मुलांना परत फिरवा. सेल्फीसाठी मागे सरकणाऱ्या पोरांना टोकायला लाजू नका.

काही झालंच तर चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि अचलपुरात उपजिल्हा रुग्णालय. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२. डोंगरात रेंज जाते, म्हणून खोलीवाल्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

एक सकाळ गाविलगडासाठी

वर मुक्काम केला तर दुसरी सकाळ गाविलगडाला द्या. बहामनी काळापासूनचा हा किल्ला आहे. आत मोठ्या मशिदीचे अवशेष, तलाव आणि भक्कम दरवाजे आहेत. आपल्या महालाशी याचं जुनं नातं. इथल्या वाड्यात राज्य करणाऱ्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या ताब्यात हा किल्ला होता. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. हाच वेलस्ली पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मुलांना हे त्या तटावर उभं करून सांगा. वर्गात चाळीस मिनिटं बोलून जे डोक्यात शिरत नाही, ते तिथे पाच मिनिटांत शिरतं.

थोडक्यात

घरची सगळी मंडळी सोबत असतील तर वर गावात राहा. बाजार, दर्गाह, हलाल जेवण हवं आणि लवकर उतरायची शिस्त असेल तर परतवाडा-अचलपूर. जंगल हवं तर हिवाळ्यात सेमाडोह-कोलकास. आणि जमेल तर शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवारी जा. खोली स्वस्त मिळते, घाट मोकळा असतो, धबधबाही तोच असतो.

यंदा आम्हीही जाणार आहोत, इन्शाअल्लाह. अम्मींनी आत्तापासून बजावून ठेवलं आहे, "खोली वरच घ्या रे बाबांनो, मला पुन्हा तो घाट रात्री नको." त्यांचंच ऐकणार आहोत. तुम्हीही आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून मगच खोली ठरवा.