जुन्या मोटारीचे रंगकाम : आडजागांची पूर्वतयारी

पूर्वी कुर्ल्यात तयार झालेल्या, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या मोटारीला स्वतंत्र चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. त्यामुळे पांढुर्णा-सौंसरच्या पावसाळ्यात दारांखालच्या पोकळ पट्टीत धरलेला गंज केवळ कुरूप नव्हे, धोकादायकही असतो. दारांच्या तळाची निचऱ्याची छिद्रे प्रथम मोकळी करावीत. घासण्यापूर्वी ग्रीस पुसावे. बिजागऱ्यांमागे यंत्र पोहोचत नाही. तेथे तारेचा लहान ब्रश आणि बोटाला गुंडाळलेला पॉलिश पेपरच कामाचा. बंद पोकळीत वाळूचा मारा टाळावा; अडकलेली वाळू ओल धरते. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा, लांबीने झाकू नये. घाई नेमकी येथेच होते. नंतर इपॉक्सी प्रायमर ब्रशने सांध्यांत जिरवावा. पोकळीतील मेणाचा थर मात्र रंग वाळल्यावरच द्यावा. मेणावर रंग धरत नाही.