नळींतला रंग आणि केळशीची टेकडी

पूर्वीचा तैलचित्रकार रंग घेऊन घराबाहेर क्वचितच पडे. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयांत बांधून ठेवीत. तें एकदां टोंचलें, कीं रंग सुकूं लागे. थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे १७८६ ते १७९३ पर्यंत हिंदुस्थानांत हिंडले; पण येथील देखाव्यांचीं त्यांचीं बहुतेक तैलचित्रें मायदेशीं, प्रवासांतल्या रेखाटनांवरून उतरलीं. १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें कथलाची नळी शोधून काढली आणि तैलरंग प्रवासास निघाला. पुढें इंदूरच्या देवळालीकरांचे शिष्य ना. श्री. बेंद्रे चित्रें काढीत काश्मीरपर्यंत गेले.

त्या नळीचें मोल रत्नागिरी जिल्ह्यांतील केळशीस कळतें. भारजा नदीच्या मुखापाशीं तेथें वाळूची उंच टेकडी आहे; तिच्या थरांत जुनीं खापरें व कोळसा सांपडला आहे. पश्चिमेस मोकळा समुद्र असल्यानें तिच्यावरील सावली घटकेघटकेस बदलते, आणि वारा ओल्या रंगावर वाळू चिकटवितो. चित्रकारास तासाभरांतच सावल्या मांडून मोकळें व्हावें लागतें. लाटा मात्र टेकडी झिजवीतच असतात. आठवणीनें रंगविलेल्या चित्रांत टेकडी अखंड उभी राहील. समोर बसलेला कुंचला तिची त्या दिवसापर्यंतची झीज नोंदवून ठेवील.