हायड्रोजन आणि सिरॅमिक : गाडे अडते कुठे?

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हा शाळेतला प्रयोग आपल्या सर्वांना आठवत असेल. हेच काम सुमारे ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला वाफेवर केले तर वीज कमी लागते, कारण कामाचा काही वाटा उष्णता उचलते. त्यासाठी यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा पातळ सिरॅमिक पापुद्रा वापरतात. तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन पलीकडे जातात. हायड्रोजन अलीकडेच राहतो.

एक घट चालवणे जमते. शेकडो घटांची चळत वर्षानुवर्षे चालवणे अवघड. सिरॅमिक चिनीमातीच्या बशीसारखे ठिसूळ. तापताना-निवताना सिरॅमिक, पोलाद आणि सांधे बंद करणारी काच कमीजास्त प्रसरण पावली तर तडे जातात. पोलादातले क्रोमियम उडून ऑक्सिजनच्या बाजूला साचते, निकेलचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उत्पादन घटत जाते.

आपल्या बे एरियातलेच उदाहरण घ्या. मे २०२३ मध्ये ब्लूम एनर्जीने नासाच्या एम्स केंद्रात ४ मेगावॅटचा असा संच चालवला. क्षमता दिवसाला सुमारे २.४ टन, म्हणजे किलोमागे साधारण ४० युनिट वीज (वाफेची उष्णता वेगळी). नेहमीच्या पद्धतीला ५० ते ५५ युनिट लागतात.

भारताचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. आम्ही हिशेब करून पाहिला : केवळ याच पद्धतीने ते गाठायचे तर असे सुमारे ५,७०० संच अखंड चालावे लागतील! तत्त्व सिद्ध झाले आहे. आता कस लागणार आहे तो टिकाऊपणाचा आणि किमतीचा.